फळ्यावर मावेल असं नाव

तिसरा बटाटा बादलीच्या काठावर आपटून गवतात गेला, तेव्हा मिल्कानं स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

"आबा, त्यांची भाजी करायची होती मला."

"कर की. मार लागलेला बटाटा लवकर शिजतो," आबा म्हणाले आणि खुर्चीच्या हातावर ठेवलेला चौथा त्यांनी उचलला.

रूबेन झिराडकरांना एक्याण्णवावं वर्ष लागलं होतं. उजवा खांदा कानाच्या वर जात नसे. अंगावर लोकरीचं जाकीट, डोक्यावर काळी गोल टोपी, पायांत मिल्कानं ख्रिसमसच्या सेलमध्ये घेतलेल्या सपाता अशा थाटात ते बागेत उभे होते आणि कमरेतून किंचित वळून, हात बाजूनं आणून बटाटा सोडत होते. खरा चेंडू घरात होता. पण बटाटा मऊ पडतो, शेजारच्या बाईंच्या काचघराला लागला तरी काच शाबूत राहते, असं त्यांचं म्हणणं होतं. चौथा बादलीत पडला. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, पण खिडकी अजून उघडी आहे हे त्यांना ठाऊक असावं.

"दिसला का गो?"

"दिसला," मिल्का म्हणाली. तिला हसू आलं आणि ते लपवायला तिनं नळ सोडला.

हे सगळं सुरू झालं ते लंडनमधल्या एजवेअरच्या एका वाण्याच्या दुकानात. आबा पोह्यांचं पाकीट घेऊन रांगेत उभे होते. पुढं एक मुलगी आपल्या आईशी मोडक्यातोडक्या मराठीत वाद घालत होती आणि तिच्या पिशवीला चामड्याचा भलाथोरला हातमोजा लटकत होता. आबांनी तो जरा वेळ न्याहाळला. मग म्हणाले, "बाळ, याची वादी सैल झालीय. चेंडू बोटांतून निसटेल." मुलगी वळली. इंग्लंडात बेसबॉल खेळणारी माणसं मुळात थोडी, आणि त्यातून मराठीत बोलणारा नव्वदीचा म्हातारा. तिनं विचारलं, "आजोबा, तुम्हाला कसं माहिती?" आबांनी सांगितलं, "मी हा खेळ खेळायचे पैसे घेत असे."

ती देवयानी. पिनरला जन्मलेली, पिनरलाच वाढलेली, बँकेत नोकरी करणारी आणि रविवारी क्रॉयडनच्या पलीकडच्या एका मैदानावर हौशी संघासाठी खेळणारी. बॅट घेतलेल्या माणसाच्या मागं उकिडवं बसून चेंडू झेलायचं काम तिचं. पुढच्या दोन महिन्यांत तिनं आबांचं सगळं आयुष्य काढून घेतलं. अलिबागेजवळच्या झिराडमध्ये त्यांनी ताडावरची मडकी दगडानं फोडली होती आणि ताडी काढणाऱ्या भंडाऱ्यानं त्यांचा कान पिळला होता. एकोणिसाव्या वर्षी ते चुलत्यामागं बोटीनं इथं आले आणि ट्रामच्या कारखान्यात लागले. तिथल्या कॅनेडियन फिटरांनी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या हातात चेंडू दिला. तेव्हा लंडनमध्ये कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानांवर पगारी बेसबॉल चाले. आबा लेटनच्या संघात चेंडू फेकत. ते ज्यू, शनिवार त्यांचा प्रार्थनेचा वार, म्हणून करार करताना त्या दिवशी फेकणार नाही असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. फेकणाऱ्याला तसंही रोज खेळवत नाहीत, त्यामुळं ते निभावलं.

देवयानीनं ते क्लबात सांगितलं, क्लबातल्या कुणी इथल्या ज्यू इतिहास मंडळाला सांगितलं, आणि मंडळानं आपल्या प्रदर्शनात आबांचा फोटो लावला. इंग्लंडातल्या पहिल्या पगारी ज्यू बेसबॉलपटूंपैकी एक. आबा तो फोटो बघायला काठी टेकत गेले होते. "पहिला कोण ते देवाला ठाऊक," ते म्हणाले होते. "मी आपला होतो."

आता येत्या रविवारी क्लबाचा अंतिम सामना होता आणि त्याचा पहिला चेंडू आबा टाकणार होते.

देवयानी त्या संध्याकाळी चहाला आली ती एक छोटं कार्ड घेऊनच. बागेतले बटाटे बघून तिनं काही विचारलं नाही.

"आजोबा, तुमचं हात कसं आहे?"

"हात कसा आहे," मिल्कानं सवयीनं दुरुस्त केलं.

"सॉरी, मिस." देवयानी हसली. मिल्काला सगळेच मिस म्हणत. शाळा सोडून दोन वर्षं झाली तरी एजवेअरच्या हमरस्त्यावर टक्कल पडलेले बाप्ये तिला बघून सिगारेट पाठीमागं लपवत. "कॉलिन अनाउन्स करणार आहे. मी लिहून दिलंय. रे जेरार्ड, लेटन, नाइन्टीन थर्टी-सेव्हन अँड थर्टी-एट. ओके ना? पेपरात सगळीकडे तेच नाव आहे."

"अगदी बरोबर," मिल्का म्हणाली. "त्याच नावानं खेळले ते. आमचं नाव तिथूनच आलंय."

देवयानीनं आबांकडं पाहिलं. आबा बशीत चहा ओतत होते.

"काय पुकारायचं ते पुकारू देत," ते म्हणाले. "चेंडू मला टाकायचाय."

आमचं नाव तिथूनच आलंय, असं मिल्का आयुष्यभर सांगत आली होती, आणि मान ताठ करून. रूबेनचं रे आणि झिराडकरचं जेरार्ड लेटनच्या मॅनेजरनं केलं होतं, मॅक्रे नावाच्या एका कॅनेडियन माणसानं. धावफलकावर सहा इंग्रजी अक्षरांपुरतीच जागा असे. मिल्का शिक्षिकेचं शिक्षण संपवून बाहेर पडली ते पासष्ट साल होतं. तिच्या वर्गातल्या मुली एकेक करून कामाला लागल्या. मिल्का झिराडकरला साधं भेटायलाही कुणी बोलवेना. शेवटी तिनं तीच प्रमाणपत्रं मिली जेरार्ड या नावानं पाठवली, आणि एका आठवड्यात तीन शाळांनी बोलावलं.

नाव कायद्यानं बदलून ती घरी आली त्या दिवशी शुक्रवार होता. आईनं दिवा लावला होता, ताटात नारळाच्या दुधातलं मटण होतं. मिल्कानं सांगितलं तशी आई, हन्नाबाई, मान खाली घालून भात कालवत राहिली. मिल्का मात्र आबांकडं बघत होती. "तुमचंच नाव आहे, आबा. बेसबॉलमधलं." आबांनी रुमालानं तोंड पुसलं. ते पुसायला त्यांना जरा वेळ लागला. मग ते म्हणाले, "छान आहे. फळ्यावर मावेल." आणि तिच्या ताटात त्यांनी आपल्या वाटणीची नळी वाढली.

त्या नावानं ती पुढं मुख्याध्यापिका झाली. लग्न केलं नाही, त्यामुळं ते नाव कधी बदलावं लागलं नाही.

रविवारी ऊन चांगलं होतं. लंडनला अर्धा वळसा घालून मिल्कानं गाडी क्रॉयडनच्या बाहेर आणली तेव्हा मैदानाकडेला घडीच्या खुर्च्यांच्या रांगा लागल्या होत्या. एका बाजूला मांस भाजल्याचा धूर होता. दुसऱ्या बाजूला देवयानीची आई मंजिरी पिनरच्या चार-पाच कुटुंबांना घेऊन बसली होती, मांडीवर बटाटेवड्यांचा डबा. त्यांच्या पलीकडं ज्यू मंडळाचे लोक, बायका उन्हाच्या टोप्यांत आणि पुरुषांच्या डोक्याला पिनेनं लावलेल्या छोट्या टोप्या. आबा गाडीतून उतरले तसे दोन्हीकडचे लोक उठून आले. एकाच वेळी कुणी त्यांच्या पाया पडलं आणि कुणी हात हातात घेऊन शालोम म्हटलं. आबांनी एक हात एकीकडं, एक दुसरीकडं दिला. निळा ब्लेझर मिल्कानं आदल्या दिवशी इस्त्री करून ठेवला होता. त्यात ते तिला नव्वदीचे वाटलेच नाहीत.

मग देवयानी एका म्हाताऱ्याला घेऊन आली. चाकाची खुर्ची, गुडघ्यांवर चौकड्यांची शाल, लालबुंद चेहरा.

"सरप्राइज आहे," ती म्हणाली. "पेपरात जाहिरात दिली होती मी. मिस्टर हॉपकर्क. आजोबांच्या अगेन्स्ट खेळलेत."

"तो फ्रेंच माणूस कुठाय?" म्हाताऱ्यानं इंग्रजीत खणखणीत आवाजात विचारलं.

आबा काठीवर वाकून त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. मग सावकाश त्यांचा जबडा हलला.

"स्टॅन हॉपकर्क. अजून बॅट उशिराच फिरवतोस का?"

"आता चमचासुद्धा उशिरा फिरवतो."

दोघं इतके हसले की मंजिरी पाणी घेऊन धावली. थोडा वेळ त्यांनी एकमेकांच्या गुडघ्यांची, औषधांची आणि गेलेल्या माणसांची चौकशी केली. मग देवयानी आबांना हात धरून मैदानाकडं घेऊन गेली, दोन-चार चेंडू हलके टाकून बघायला. मिल्का हॉपकर्कपाशी बसली. त्याच्या शालीवरचं बिस्किटाचं चूर तिनं नकळत झटकलं.

"तू त्याची मुलगी," हॉपकर्क म्हणाला. "मग तुला माहीतच असेल, आम्ही त्याला फ्रेंच माणूस का म्हणायचो."

"जेरार्डमुळं असेल."

"मॅक्रेनं पत्रकांवर छापलं होतं, फ्रेंच कॅनेडियन. वर्णाचा प्रश्न मिटला, धर्माचाही मिटला. सगळ्यांनी खरं मानलं. तो स्वतः काहीच बोलायचा नाही, त्यामुळं आणखीच फ्रेंच वाटायचा." तो थांबून श्वास घेऊन पुढं म्हणाला, "अडतीसच्या फायनलपर्यंत."

"त्या सामन्यात त्यांनी पहिल्या तिघांना बाद केलं," मिल्का म्हणाली. ही गोष्ट तिला पाठ होती. "तुम्ही पहिले होता का?"

"मीच पहिला. पण त्याच्या आधीचं सांगतो का तो?"

"आधीचं काय?"

हॉपकर्कनं मैदानाकडं पाहिलं. आबा तिथं देवयानीला बोटं चेंडूवर कशी ठेवायची ते दाखवत होते.

"आठ हजार माणसं होती," तो म्हणाला. "समोरच्या स्वस्तातल्या बाकांवर व्हाइटचॅपलचे शिंपी बसायचे, सगळे ज्यू. दर सामन्याला यायचे. त्या संध्याकाळी त्यांच्या मागं काळ्या शर्टांतली फॅसिस्ट टोळी येऊन बसली. ती पोरं काय ओरडत होती ते मी तुझ्यापुढं बोलणार नाही. शिंपी खाली मान घालून बसले होते. पोलीस शर्यतीच्या कुत्र्यांकडं बघत होते, आणि कुत्रे तर त्या दिवशी नव्हतेच. कळलं ना?"

"कळलं."

"भोंग्यावरून पुकारलं, लेटनकडून चेंडू टाकतोय रे जेरार्ड. मी बॅट घेऊन उभा. चेंडू त्याच्या हातात. पण हा टाकेचना. अंपायर म्हणाला, टाक. हा म्हणाला, त्यांनी चुकीचं नाव घेतलंय. त्यानं चेंडू मातीवर ठेवला, अगदी हळू, अंडं ठेवावं तसा, आणि चालत पुकारणाऱ्याच्या खोक्यापाशी गेला. तोवर सगळं मैदान गप्प झालं होतं, काय चाललंय ते कुणालाच कळेना. म्हणून ऐकू आलं. म्हणाला, माझं नाव रूबेन झिराडकर. मी ज्यू आहे, मुंबईकडचा. असं सांगा, मग टाकतो."

हॉपकर्कनं ते नाव घेतलं तेव्हा त्याची जीभ दोनदा अडखळली. पण नाव पूर्ण आलं.

"पुकारणाऱ्यानं पहिल्यांदा म्हटलं, लोक हसले. यानं मान हलवली, चुकलं. दुसऱ्यांदा म्हटलं, आणखी हसले. हा हाताची घडी घालून उभा, मास्तरासारखा. तिसऱ्यांदा बऱ्यापैकी जमलं. आता कुणी हसलं नाही. आणि मग त्या शिंप्यांतला एक म्हातारा उभा राहिला. मग त्याच्या शेजारचा. मग ती अख्खी रांग. ओरडले नाहीत, टाळ्या नाहीत. नुसते उभे राहिले. मागची पोरं काय करतात बघायला मीही मान वळवली, तर ती पायांकडं बघत होती." त्यानं शाल सारखी केली. "मग तो परत आला, चेंडू उचलला. तीन चेंडू टाकले मला. पहिले दोन दिसले."

मिल्काच्या हातात कागदी रुमाल होता. तिनं त्याची घडी केली, उलगडला, पुन्हा घडी केली. तिला काहीतरी आठवत होतं. ती चार-पाच वर्षांची, आबांच्या मांडीवर. आबा भोंग्यासारखे हात तोंडाशी धरून आपलंच आडनाव वेडंवाकडं म्हणायचे, एकदा, दोनदा, आणि ती खिदळत ओरडायची, चूक, चूक. तिला तो निव्वळ खेळ वाटला होता.

"आणि मग लढाई आली," ती म्हणाली. आबांची गोष्ट नेहमी याच वाक्यावर संपत असे. मग लढाई आली आणि खेळ गेला.

"लढाई?" हॉपकर्क म्हणाला. "लढाई पुढच्या सप्टेंबरात. एकोणचाळीसचा उन्हाळा आम्ही पुरा खेळलो. मॅक्रेनं त्याला घेतलं नाही. म्हणाला, मी जेरार्ड विकत घेतला होता, हा दुसरा कोण ते मला माहीत नाही. पण मेमध्ये सलग चार सामने हरल्यावर त्याचं त्यालाच कळलं. तोवर मीही लेटनमध्ये आलो होतो. मॅक्रे तुझ्या बापाच्या खोलीवर गेला, सोबत मला घेऊन. पैसे दीडपट देतो म्हणाला. फक्त पुन्हा जेरार्ड हो."

"मग?"

"तुझ्या बापानं आम्हाला चहा दिला."

"आणि?"

"चहा चांगला होता," हॉपकर्क म्हणाला.

पलीकडं कुणीतरी भोंगा तपासून पाहत होतं, वन टू, वन टू. पासष्टच्या त्या शुक्रवारी आबांनी रुमालानं तोंड पुसायला किती वेळ लावला होता, ते मिल्का आता पुन्हा बघत होती. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत किती वेळा कुणी ना कुणी विचारलं होतं, जेरार्ड नाव कुठून आलं, आणि तिनं आबांच्या देखत अभिमानानं सांगितलं होतं. एकदा शाळेच्या बक्षीस समारंभात, व्यासपीठावरून. आबा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

तिनं रुमाल पर्समध्ये टाकला आणि उठली.

कॉलिन एका घडीच्या टेबलाशी भोंगा आणि कार्डं मांडून बसला होता. पन्नाशीचा, गोरा, दाढीवाला, उन्हानं नाक भाजलेलं.

"या कार्डावरचं नाव चुकलंय," मिल्का म्हणाली.

"देवयानीनं दिलंय ते. पेपरांतही हेच आहे."

"पेपरांतही चुकलंय. रूबेन जिराडकर." ती थांबली. पहिलंच अक्षर तिच्या जिभेनं इंग्रजी करून टाकलं होतं. हे नाव ती शेवटचं कधी मोठ्यानं बोलली होती, ते तिला आठवेना. तिनं जीभ दातांमागं नेली आणि पुन्हा म्हटलं. "झिराडकर. तुम्ही म्हणा."

कॉलिननं म्हटलं.

"नाही. पुन्हा."

"हे सोपं नाहीये हो."

"नाहीच. म्हणून आधी सराव करायचा. झि. मधमाशीसारखं नाही, त्याच्यात हवा आहे. गावाचंही तसंच, मुंबई इलाख्यातलं झिराड, तेही पुकारा."

त्यानं पुन्हा म्हटलं. ती मान हलवत राहिली. मागं रांगेत उभी असलेली काही पोरं हे बघून गप्प झाली. चौथ्यांदा ते बरंचसं जमलं, आणि मिल्कानं चाळीस वर्षं मुलांना म्हटलं होतं तसं, तितक्याच कोरड्या आवाजात म्हटलं, "आता बरोबर."

आबांना मैदानाच्या मधल्या उंचवट्याच्या अलीकडं, अर्ध्या अंतरावर उभं केलं होतं. काठी त्यांनी पंचाकडं दिली होती. समोर देवयानी हातमोजा उघडून उकिडवी बसली होती. दोन्ही संघ दुतर्फा रांगेत उभे. भोंग्यात खरखर झाली.

"सभ्य स्त्री-पुरुषहो, आजचा पहिला चेंडू टाकत आहेत, लेटनचे, मुंबई इलाख्यातल्या झिराड गावचे, रूबेन झिराडकर."

आबांचा हात कमरेपाशी होता तो तिथंच राहिला. त्यांनी मान वळवली. गर्दीकडं नाही, भोंग्याकडंही नाही. त्यांची नजर खुर्च्यांच्या रांगांवरून फिरली आणि कॉलिनच्या टेबलाशी उभ्या असलेल्या मिल्कावर येऊन थांबली. इतक्या लांबून त्यांना तिचा चेहरा दिसणं शक्य नव्हतं. तरी ते बघत राहिले. देवयानीनं हातमोज्यावर मूठ मारली, एकदा, मग पुन्हा.

मग ते वळले. कमरेतून किंचित फिरले, हात बाजूनं आला आणि चेंडू सुटला. तो सरळ गेला, दमला, एकदा जमिनीला टेकला आणि डावीकडं झुकलेल्या देवयानीच्या हातमोज्यात जाऊन बसला.

"स्ट्राइक!" चाकाच्या खुर्चीतून हॉपकर्क ओरडला. चेंडू अचूक पडल्याचा कौल पंच द्यायच्या आतच.

टाळ्या बराच वेळ चालल्या. मंजिरीच्या गटातून कुणीतरी शिट्टी मारली. देवयानी धावत जाऊन आबांच्या गळ्यात पडली आणि चेंडू त्यांच्या ब्लेझरच्या खिशात घालू लागली. तो मावेना, म्हणून दोघं हसत होती.

मिल्का आत गेली आणि तिनं पंचाकडून काठी घेतली. आबांनी तिच्या दंडाचा आधार घेतला. घाम आला होता, पण चेहरा असा की त्यांना कुणी आत्ता धावायला सांगितलं असतं तरी त्यांनी नाही म्हटलं नसतं.

"हॉपकर्क फार बोलतो," ते चालता चालता म्हणाले.

"हो."

"तेव्हाही फार बोलायचा."

"तुम्ही का नाही बोललात, आबा?" तिचं मराठी अशा वेळी तुटत असे. "मी नाव बदललं, त्या दिवशी. तुम्ही सांगायचं होतं मला."

आबा थांबले. दम घ्यायला थांबले असं इतरांना वाटलं असतं.

"काय सांगायचं? दारातून आलीस ती पळतच. तुमचं नाव घेतलं म्हणालीस. त्याआधी सहा महिने तू नीट जेवली नव्हतीस." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मी ते दोन उन्हाळे वापरलं आणि टाकून दिलं. माझ्यासाठी ते दुसऱ्यानं ठेवलेलं नाव. तुझं तसं नाही. तू ते स्वतः घेतलंस आणि मग शाळेत त्याला किंमत आणलीस."

"पण तुम्ही त्याच्यासाठी खेळ सोडला."

"सोडला. मग?" ते म्हणाले. "तो माझा सामना होता. तुझा तू खेळलीस."

मिल्कानं त्यांच्या ब्लेझरची कॉलर नीट केली. ती आधीच नीट होती.

खुर्च्यांपाशी ज्यू मंडळाच्या पाक्षिकाचा एक तरुण वार्ताहर वाट बघत होता. त्यानं दोघांना उन्हाकडं तोंड करून उभं केलं, फोटो काढला, मग कॅमेरा गळ्यात सोडून खिशातून पेन काढलं.

"सर, फोटोखाली तुमचं नाव कसं लिहू? आज दोन ऐकली मी."

आबांनी ब्लेझरचं वरचं बटण लावलं. मग स्वच्छ इंग्रजीत, शब्द तोडून सांगितलं, "लिहा, रूबेन झिराडकर. मिस जेरार्डचे वडील."

"आणि स्पेलिंग?"

"ते तिला विचारा," आबा म्हणाले आणि मंजिरीनं पुढं केलेल्या डब्यातला वडा त्यांनी उचलला. "शिकवायचं काम तिचं."

वार्ताहरानं पेन टेकवलं आणि मिल्काकडं पाहिलं. मिल्का एकेक अक्षर सांगू लागली. सावकाश, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.